मृत्यूनंतर काय, या प्रश्नाचा अभ्यास घरच्या घरी कसा करावा

आईच्या दहाव्याला पुण्यात ओंकारेश्वराच्या घाटावर आम्ही सगळे पिंडाकडे डोळे लावून बसलो होतो. कावळा भिंतीवर येऊन बसत होता आणि पुन्हा उडून जात होता. तेवढ्यात माझ्या भावाच्या सात वर्षांच्या मुलाने मला विचारले, "काका, आजी आता कावळ्यात आहे, की वर देवाकडे आहे, की कुणाच्या तरी घरी बाळ होऊन आलीये?" मोठ्यांनी त्याला डोळ्यांनीच दटावले. मला मात्र तो प्रश्न टाळता आला नाही, कारण त्याने एका दमात मांडलेल्या तिन्ही शक्यता आम्ही मोठी माणसे गेले दहा दिवस आळीपाळीने खऱ्या धरत होतो, आणि त्या एकत्र नांदू शकत नाहीत हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आले नव्हते.

त्या गोष्टीला नऊ वर्षे झाली. तेव्हापासून मी या प्रश्नाचा जमेल तसा अभ्यास करत आलो आहे. मी तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक नाही. तरीही चुकतमाकत एक पद्धत हाती लागली आहे, आणि घरात कुणी गेल्यानंतर ज्यांना हा प्रश्न रात्री जागा ठेवतो त्यांना ती उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून ती इथे लिहीत आहे. तिला साहित्य फारसे लागत नाही. दोनशे पानी वही, दिवसाकाठी अर्धा तास आणि आपल्याशी सहमत नसलेला एक माणूस एवढे पुरे होते. यातली तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे.

आधी घरातली वाक्ये लिहून काढावीत

ग्रंथ उघडण्यापूर्वी वहीत आपल्या घरात त्या तेरा दिवसांत बोलली गेलेली वाक्ये जशीच्या तशी उतरवावीत. महिनाभरात ती विसरली जातात, म्हणून हे काम लवकर करावे. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर अशी वाक्ये आहेत: "सुटली बिचारी." "बघत असेल वरून." "तिचा जीव नातवात अडकला होता." "ईश्वर मृतात्म्यास शांती देवो." "देवाज्ञा झाली." "अनंतात विलीन झाली." "तिची वेळ भरली होती."

मग प्रत्येक वाक्यासमोर एकच प्रश्न लिहावा: हे वाक्य खरे असेल, तर काय काय असावे लागेल? "बघत असेल वरून" यात डोळ्यांवाचून पाहणारे आणि आपल्याला ओळखणारे कुणीतरी गृहीत आहे. "अनंतात विलीन" यात ते कुणीतरी उरलेलेच नाही, कारण विलीन झालेले वेगळे राहत नाही. "पंचत्वात विलीन" हा शब्दप्रयोग तर देहाबरोबर सारे संपते म्हणणाऱ्या चार्वाकालाही सहज मान्य झाला असता, फक्त आकाश हे पाचवे भूत त्याने वगळले असते. वृत्तपत्रातल्या निधनवार्तांचे पान या दृष्टीने एकदा सावकाश वाचावे. कैलासवासी, वैकुंठवासी, पैगंबरवासी, ख्रिस्तवासी हे सगळे शब्द तिथे शेजारी शेजारी असतात आणि प्रत्येकामागे एकेक संपूर्ण विश्वरचना उभी असते.

हेच विधींच्या बाबतीत करावे. वैकुंठ स्मशानभूमीत मडके फोडण्यासाठी वापरलेला दगड, म्हणजे जीवखडा, भावाने दहा दिवस सांभाळला होता. मुठीत मावेल एवढा, एका कडेला मडक्याची लाल माती लागलेला तो साधा दगड होता. त्यावर रोज तिलांजली दिली जात होती आणि दहाव्या दिवशी तो नदीत सोडताना भावाचा हात क्षणभर उघडेना. गरुडपुराणाच्या कल्पनेप्रमाणे या दहा दिवसांच्या पिंडांनी प्रेताला, म्हणजे पुढे निघालेल्या जीवाला, एकेक अवयव मिळतो. पहिल्या पिंडाने मस्तक आणि दहाव्याने भूक-तहान. आम्ही सांत्वनाच्या पत्रावर मात्र गीतेतला जुन्या वस्त्रांचा श्लोक छापला होता, ज्यात देही जुने शरीर टाकून नव्या शरीरात जातो आणि मधल्या दहा दिवसांचा उल्लेखही नाही. परंपरेने या दोन्ही कल्पना जुळवण्याचा प्रयत्न केलेला आहे, हे मला नंतर कळले. पण आम्ही तो प्रयत्न न करताच दोन्हींवर विसंबून होतो. ही विसंगती दिसली म्हणून विधी सोडावा असे माझे म्हणणे नाही. आपण काय मानतो हे आपल्यालाच ठाऊक नसते, एवढे या पहिल्या पायरीवर समजले की ती पूर्ण झाली.

मग शब्द वेगळे करावेत

मराठीत आपण जीव लावतो, जीव टांगणीला लागतो, जीवात जीव येतो आणि शेवटी जीव जातो. प्राण, मन, चैतन्य, आत्मा हे शब्दही आपण एकमेकांच्या जागी वापरतो. वादात निम्मा घोटाळा इथेच होतो. वहीत चार रकाने करून श्वास व शरीराचे व्यापार, विचार व आठवणी, स्वभाव, आणि नुसती जाणीव असे चार वेगळे अर्थ लिहावेत. यापुढे कुणी "आत्मा" म्हणाले, की ते या चारांपैकी कशाबद्दल बोलत आहेत ते विचारावे.

"मृत्यू" या शब्दाचेही तसेच आहे. आपल्याकडे १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मस्तिष्कस्तंभाचा (ब्रेन स्टेमचा) मृत्यू हा मृत्यू मानला आहे. त्यासाठी डॉक्टरांचे चार जणांचे मंडळ तपासण्या करते आणि किमान सहा तासांच्या अंतराने त्या पुन्हा करते. त्या वेळी यंत्राच्या आधाराने छाती हलत असते आणि हृदय चालू असते. "प्राण गेला" हा आपला जुना निकष इथे अपुरा पडतो. मृत्यू ही एका क्षणात घडणारी घटना आहे की प्रक्रिया आहे, याबद्दल आपले मत ठरवल्याशिवाय "त्या क्षणी काय बाहेर पडते" असे विचारण्याला अर्थ राहत नाही.

"आत्मा आहे का" हा प्रश्न बदलून घ्यावा

ही या अभ्यासातली मुख्य पायरी आहे आणि तिला घाई करू नये. मला तिच्यासाठी दोन वर्षे लागली. "आत्मा आहे का" या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणून मोकळे होता येते. त्याऐवजी असे विचारावे: काय टिकले, तर मी "ते माणूस टिकले" असे म्हणेन?

माझ्या आईला शेवटची अडीच वर्षे विस्मरणाचा आजार होता. ती मला कधी तिचा भाऊ समजे, कधी परका. पण दुपारी वाळलेली साडी घडी करताना ती काठाला काठ लावून, पदर आत घेऊन, वरून दोनदा तळहात फिरवी, आणि ते मी लहानपणापासून पाहत आलो तसेच तंतोतंत होते. तिच्या आठवणी गेल्या होत्या, तरी ती हीच, असे मला त्या हाताकडे पाहून वाटे. ती सवय शरीरात होती आणि ते शरीर तर आम्ही वैकुंठात ठेवून आलो. मग आता टिकून काय राहिले असावे, असे मला हवे आहे? आठवणी म्हणाव्यात, तर त्या जिवंतपणीच गेल्या. स्वभाव म्हणावा, तर तो आजाराने पालटला होता. उरली नुसती जाणीव. पण जिला माझे नावही ठाऊक नाही अशी जाणीव टिकली, तर त्यात माझ्या आईचे काय आहे?

हा पेच उपनिषदांनाही ठाऊक होता, हे वाचून मला फार बरे वाटले. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला पाण्यात विरघळलेल्या मिठाच्या खड्याचा दृष्टांत देतात. पाण्यातून तो खडा पुन्हा उचलता येत नाही, पण पाणी कुठूनही चाखले तरी खारटच लागते. आणि लगेच ते म्हणतात, "न प्रेत्य संज्ञास्ति", म्हणजे गेल्यानंतर संज्ञा (जाणीव) उरत नाही. मैत्रेयी गोंधळून जाते आणि तसे स्पष्ट सांगते. याज्ञवल्क्य उत्तर देतात की जिथे दोनपण असते तिथेच एक दुसऱ्याला पाहतो आणि जाणतो. सगळे आत्माच झाल्यावर कुणी कुणाला पाहावे? अद्वैताचा आत्मा अमर आहे खरा, पण तो आपल्या नातवंडांना वरून पाहणारी आजी नव्हे. "आत्मा अमर आहे" या वाक्याने ज्याला दिलासा मिळतो, त्याने तो कोणत्या आत्म्याचा आहे हे एकदा तरी तपासावे. आपल्याला हवे असलेले अमरत्व आणि शास्त्राने सांगितलेले अमरत्व अनेकदा एकच नसते.

बौद्धांचे उत्तर वेगळे आहे. मिलिंद राजाला भिक्षू नागसेन विचारतात की रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच का? ती तीच नाही आणि तिच्याहून अगदी वेगळीही नाही. पुनर्जन्म मानायचा, पण जाणारा कुणी मानायचा नाही, अशी ही अवघड भूमिका आहे. जैनांचा जीव याउलट प्रत्येकाचा वेगळा आहे आणि ज्या देहात राहतो त्या देहाएवढा होतो. या तिन्ही मतांपुढे आपला बदललेला प्रश्न ठेवून पाहावा: यांपैकी कोणत्या मतात माझे माणूस उरते?

पूर्वपक्ष स्वतःच्या हाताने लिहावा

आपल्या शास्त्रांची एक रीत मला या कामात सर्वांत मोलाची वाटते. स्वतःचा सिद्धांत मांडण्याआधी विरोधकाचे म्हणणे पूर्ण ताकदीने मांडायचे. ते नीट झाले की नाही याची कसोटी म्हणजे ते मत खरोखर मानणाऱ्या माणसाला वाचून दाखवायचे. त्याने "हो, हेच मला म्हणायचे आहे" म्हटले पाहिजे. माझा एक मित्र पक्का नास्तिक आहे. मी लिहिलेला चार्वाकाचा पूर्वपक्ष त्याने दोनदा परत केला. पहिल्या खेपेस मी कर्ज काढून तूप पिण्यापलीकडे गेलोच नव्हतो.

तिसऱ्या खेपेस जे उतरले ते असे. विड्यात पान हिरवे, चुना पांढरा. लाल रंग त्यांपैकी कशातच नाही, पण सुपारी-कातासह ते एकत्र चघळले की ओठ लाल होतात. धान्यात नशा नाही, पण ते आंबवले की मद्य होते. तसेच पृथ्वी, पाणी, तेज, वायू ही भूते विशिष्ट रीतीने एकत्र आली की चैतन्य उपजते आणि ती विस्कटली की मावळते. भूल दिली की जाणीव जाते, मेंदूला इजा झाली की स्वभाव बदलतो, हा आजचा पुरावाही याच बाजूला जमा होतो.

यावर शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात दिलेला आक्षेप असा, की देहाचे रूप-रंगासारखे गुण इतरांनाही दिसतात, पण माझी जाणीव आणि माझी स्मृती दुसऱ्या कुणाला दिसत नाही; मग ती देहाचा गुण कशी? विड्याचा लाल रंग पाहणारा कुणीतरी वेगळा असतो, इथे तर जे उपजले असे म्हणता तेच पाहणारे आहे. नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचा, युक्तिवाद मला याहून अधिक साधा आणि अधिक चिवट वाटतो. डोळ्यांनी पाहिलेला आंबा हातात घेतल्यावर आपण म्हणतो, "जो पाहिला तोच हा." डोळा स्पर्श करत नाही आणि हात पाहत नाही, मग दोन्ही एकत्र आणून "तोच हा" म्हणणारा कोण? समोरचा माणूस कैरी खाताना दिसला की आपल्या तोंडाला पाणी सुटते, तेही याच एकत्वाचे लक्षण म्हणून न्यायसूत्रांत आले आहे.

न्यायसूत्रांतला आणखी एक वाद मुद्दाम वाचावा. नवजात बाळ हसते, दचकते, रडते, म्हणजे त्याला पूर्वीच्या जन्मीच्या अनुभवांची आठवण असली पाहिजे, असे सूत्रकार म्हणतात. लगेच पूर्वपक्ष येतो: कमळ उमलते आणि मिटते, ते काय पूर्वजन्म आठवून? आज प्रतिक्षिप्त क्रिया आणि आनुवंशिकता यांच्याबद्दल आपल्याला जे कळले आहे त्यावरून मला इथे कमळाची बाजू वरचढ वाटते. सूत्रकारांनी तो आक्षेप दडपला नाही, याबद्दल माझा त्यांच्याविषयीचा आदर मात्र दुणावला.

देहाला साधन मानणारे लोक नेहमी म्हणतात, वीणा फुटली म्हणून वादक मेला असे होत नाही. आईच्या आजाराच्या काळात मी या दृष्टांताला घट्ट धरून होतो. मग एके दिवशी मित्राने हळुवारपणे विचारले, "वीणा फुटली तरी वादकाला राग आठवत असतो ना? इथे तर वादकच राग विसरलेला दिसतो." त्याचे उत्तर मी अजून शोधतो आहे. आपल्याला प्रिय असलेल्या दृष्टांतावर असा घाव बसू द्यावा. तो सोसून जे उरते तेवढेच वहीत पुढच्या पानावर न्यावे.

हकिगती ऐकताना

मृत्यूच्या दारातून परतलेल्यांचे अनुभव आणि पूर्वजन्म सांगणारी मुले यांच्या गोष्टी प्रत्येक घरी निघतात. त्या हसण्यावारी नेऊ नयेत आणि तशाच गिळूही नयेत. हकिगत पहिल्यांदा कुणी आणि केव्हा लिहून ठेवली? पडताळणीच्या आधी की नंतर? सांगणाऱ्याला ती माहिती दुसऱ्या वाटेने मिळणे शक्य होते का? एवढे तीन प्रश्न पुरतात. नागपूरची एक मराठी स्त्री १९७० च्या दशकात एकाएकी बंगाली बोलू लागली आणि स्वतःला एकोणिसाव्या शतकातली बंगाली स्त्री म्हणवू लागली. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या इयन स्टीव्हनसन यांनी तिचा सविस्तर अभ्यास केला आणि टीकाकारांनी तिला पूर्वी बंगालीचा किती परिचय होता यावरच बोट ठेवले. नेदरलँड्समध्ये पिम व्हान लोमेल यांनी हृदय बंद पडून वाचलेल्या ३४४ रुग्णांची पाहणी २००१ मध्ये प्रसिद्ध केली; त्यांतल्या ६२ जणांनी असा काही अनुभव सांगितला. अनुभव येतात हे यातून दिसते. ते मृत्यूनंतरचे आहेत की मृत्यूच्या अलीकडचे, हा प्रश्न तसाच राहतो, कारण हे सगळे परत आलेले लोक आहेत.

आत्म्याचे वजन एकवीस ग्रॅम असते, असेही कुणीतरी सांगतेच. अमेरिकेतले डॉक्टर डंकन मॅक्डूगल यांनी मरणासन्न रुग्णांची खाट तराजूवर ठेवून केलेले हे प्रयोग १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्ण होते अवघे सहा, आणि तो आकडा त्यांतल्या एकाचा. पण वजनाची ही कल्पना त्याहून कितीतरी जुनी आहे. दीघनिकाय या बौद्ध ग्रंथातला पायासी नावाचा राजन्य परलोक नाही हे सिद्ध करण्यासाठी अपराध्याला मरणापूर्वी आणि मरणानंतर तोलून पाहतो आणि देह मेल्यावर उलट जड झाला असे सांगतो. मरणाऱ्या आप्तांकडून त्याने वचनही घेतलेले असते की परलोक असेल तर येऊन सांगा. कुणी येत नाही. त्याची रीत क्रूर होती, पण तपासून पाहण्याची त्याची तळमळ मला ओळखीची वाटते. वैकुंठातून परतताना मीही मनातल्या मनात असेच एक वचन मागितले होते.

कुणाशी बोलावे, कुठे थांबावे

बृहदारण्यकातच आर्तभागाने याज्ञवल्क्यांना भर सभेत विचारले, की मेलेल्याची वाणी अग्नीत जाते, प्राण वायूत, डोळा सूर्यात; मग तो माणूस कुठे असतो? याज्ञवल्क्यांनी त्याचा हात धरला आणि म्हणाले, हे चारचौघांत बोलायचे नाही, आपण दोघेच बोलू. दोघे बाजूला गेले आणि कर्माविषयी बोलले. मी हाच नियम पाळतो. सुतकातल्या घरात वाद घालू नये. कुणी "ती बघते आहे" म्हणत रडत असेल, तर त्या वेळी तो सिद्धांत नसतो, दुःख असते. एकदा माझ्या मावशीला मी असे थांबवले होते. त्याची खंत अजून आहे.

मृताचा निरोप आणून देतो असे सांगून पैसे मागणारा माणूस दारात आला, तर मात्र गप्प राहू नये. ओंकारेश्वराजवळच्याच पुलावर २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली, आणि जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. त्याच्या शतकभर आधी याच शहरात आगरकरांची ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढली गेली होती. पिंडदानाचा घाट आणि तो पूल एकमेकांपासून इतके जवळ आहेत, की दहाव्याला जाणाऱ्याला दोन्ही दिसतात. श्रद्धेने तिलांजली देणाऱ्यालाही प्रश्न विचारणाऱ्याचे संरक्षण करावेसे वाटले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

मुलांना काय सांगावे, हे सर्वांत कठीण. पुतण्याला मी त्या रात्री सांगितले, "मला माहीत नाही. लोक तीन-चार गोष्टी मानतात, त्या तुला एकेक करून सांगतो." त्याने सगळ्या ऐकल्या आणि नचिकेत्याची गोष्ट पुन्हा सांगायला लावली. यमाच्या दारात तीन रात्री उपाशी राहिलेल्या त्या मुलाला यम म्हणतो, या बाबतीत देवांनाही पूर्वी शंका होती, दुसरा वर माग. आणि मुलगा हटत नाही, हे पुतण्याला फार आवडले.

पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौकात एक चक्कर मारावी. उपनिषदांची मराठी भाषांतरे आणि लोकमान्यांचे १९१५ चे गीतारहस्य सहज मिळते. संस्कृत जाणणारे कुणी सोबत असेल, तर भांडारकर संस्थेच्या ग्रंथालयाचे नियम विचारून घेऊन तिथे मूळ ग्रंथ पाहावेत. मात्र वहीची पहिली पंचवीस पाने भरल्याशिवाय जाऊ नये, नाहीतर दुसऱ्यांचीच उत्तरे हाती येतात.

तिथीला वही उघडावी

दर वर्षी तिथीच्या दिवशी, श्राद्धाचे जेवण उरकल्यावर, त्या दिवशी आपल्याला जे खरे वाटते ते तारीख घालून पाच-सहा ओळींत लिहावे. मागच्या वर्षीचे खोडू नये. माझ्या पहिल्या वर्षीच्या ओळीत "आई आहे" एवढेच आहे. चौथ्या वर्षी मी "काहीही उरत नाही" असे लिहिले होते आणि अक्षर रागाचे दिसते. यंदा असे लिहिले: ज्योतीसारखे काहीतरी एकातून दुसऱ्यात जाते हे मला पटते, कारण आईची साडी घडी करण्याची रीत माझ्या हातात उतरली आहे, पण "जो पाहिला तोच हा" म्हणणारा कोण, याचे उत्तर ज्योतीजवळ नाही. त्याखाली मित्राने पेन्सिलीने "वादक?" असे लिहून ठेवले आहे, आणि पुढचे अर्धे पान कोरे आहे.